डागाला कारण हवं

सेंच्युरियन रणगाड्याची प्रतिकृती करायची ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी तारीख ठरवली. किट कुठलं घ्यायचं, रंग कोणता, ब्रश कुठले, हे सगळं नंतर. 16 डिसेंबर 1971ची सकाळ, शकरगढचा टापू, बसंतर नदीचा पैलतीर. एवढं वहीत लिहिलं आणि मग कामाला लागलो.

तारीख लागते, कारण कारखान्यातून बाहेर पडताना सगळे रणगाडे सारखेच असतात. त्यानंतर अंगावर जे चढतं ते जागेचं, ऋतूचं आणि आतल्या माणसांचं असतं. मे महिन्यातली राजस्थानची वाळू आणि डिसेंबरातला पंजाबचा चिखल एकाच गाडीवर लावता येत नाही. प्लॅस्टिकच्या नव्याकोऱ्या मॉडेलवर धूळ, चिखल, गंज, तेलाचे डाग आणि खरचटे रंगवण्याच्या कामाला आम्ही मॉडेलवाले वेदरिंग म्हणतो. या छंदातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, कारण गाडी जगली कशी हे त्यात कळतं.

सेंच्युरियनच निवडायला माझ्याकडे पुणेकर म्हणून कारण होतं. पूना हॉर्स ही रेजिमेंट 1817 साली, दुसऱ्या बाजीरावाबरोबर इंग्रजांनी केलेल्या तहातून उभी राहिली. पुढे ती घोड्यांवरून रणगाड्यांवर आली आणि पाकिस्तानशी झालेल्या 1965 व 1971 या दोन्ही युद्धांत सेंच्युरियन घेऊन लढली. दोन्ही वेळा तिच्या एकेका अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. 1965 साली लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांना आणि 1971 साली सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला, 14 ऑक्टोबर 1950चा. खडकवासल्याला एनडीएच्या ज्या मैदानावर दीक्षान्त संचलन होतं, त्याला त्यांचंच नाव आहे.

रणगाडा मात्र ब्रिटिश. दुसरं महायुद्ध संपता संपता त्याचे पहिले नमुने तयार झाले आणि मे 1945 मध्ये युरोपात पोचले, तोवर तिथली लढाई थांबली होती. वजन 50 टनांच्या वर. आत रोल्स-रॉइसचं मेटिओर इंजिन, विमानाच्या मर्लिन इंजिनवरून बेतलेलं, बारा सिलिंडरचं आणि पेट्रोलवर चालणारं. भारतीय सेंच्युरियनवर 20 पौंडी तोफ होती, नळीचा व्यास 84 मिलिमीटर. आत माणसं चार: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. पेट्रोलचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे रंगाच्या कामात तो येणार आहे.

किट उघडण्याआधी नगरला जाऊन आलो. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण शिरूर सोडलं की एसटीत अजून नगरच म्हणतात. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं 1994 साली तिथं रणगाड्यांचं संग्रहालय उभारलं. मोकळ्या मैदानात देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे आहेत. आपल्या आवडीचं म्हणाल तर सेंच्युरियन आहे, त्याचा शत्रू पॅटन आहे आणि आपल्याच देशात, आवडी इथल्या कारखान्यात तयार झालेला विजयंतही आहे.

संग्रहालयातल्या गाडीवरून रंग शिकता येत नाही. पाऊस आणि ऊन सोसावं म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं रंगाचे हात फिरलेले असतात आणि त्या जाड थराखाली खरी झीज बुजून जाते. धातूचं अंग मात्र शिकता येतं. मी टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, पुढच्या भागाजवळ उभा राहिलो. तिथलं पोलाद 152 मिलिमीटर जाड आहे. ते साच्यात ओतलेलं, त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत, कुठे बारीक फुगवटे, कुठे खळगे. हल म्हणजे खालचं धड, ते मात्र पत्रे जोडून केलेलं. त्याचे पत्रे सपाट आणि सांध्यावर वेल्डिंगची जाड, एकावर एक सरकत गेलेली रेघ. एकाच गाडीवर पोलादाच्या दोन जाती शेजारी-शेजारी दिसतात. चित्रात हे कळत नाही. परत येताना वहीत पानभर टिपणं आणि सांध्यांची रेखाटनं होती.

माझं किट 1:35 प्रमाणातलं. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये हे प्रमाण जगभर चालतं आणि त्याचा उगम मोठा व्यवहारी आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं धड ठेवलं, तर ते मूळच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. ते खपलं, बाकीच्यांनी तेच उचललं. या प्रमाणात सेंच्युरियन तोफेसकट 28 सेंटीमीटरचा होतो आणि उभा माणूस 5 सेंटीमीटरचा. हा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. मॉडेलवर एक मिलिमीटर जाड चिखल लावला, तर खऱ्या गाडीवर तो साडेतीन सेंटीमीटरचा थर असतो. रंगाचा एवढासा टवका उडवला, तर तिथं तळहाताएवढा पत्रा उघडा पडला असं होतं. म्हणून या कामात हात आखडता ठेवावा लागतो.

जोडणीची सुरुवात चाकांपासून. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीनं स्प्रिंगांवर बसवलेली. प्रत्येक चाक स्प्रूच्या चौकटीतून कटरनं सुटं करायचं, जिथे ते चौकटीला चिकटलेलं होतं ते टोक पॉलिश पेपरनं घासायचं, आणि मग जोडायचं. मॉडेलचा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो. सांध्याला ब्रशचं टोक टेकवलं की पातळ द्रव फटीतून आपोआप धावत जातो, दोन्ही कडा मऊ होतात, आणि सुकल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो.

टरेटचा खरबरीतपणा करायला हाच गुण कामी येतो. प्लॅस्टिकच्या टरेटवर कास्टिंगचा पोत होता, पण नगरला पाहिलेल्या पोलादापुढे तो फारच सौम्य वाटला. मी पुट्टीत थोडा पातळ गोंद मिसळून सायीसारखं मिश्रण केलं आणि केस कापलेल्या जुन्या ब्रशनं ते टरेटच्या पुढच्या भागावर ठोकत गेलो. पुसायचं नाही, फक्त ठोकायचं. अर्धवट सुकलं की बोटानं हलकेच दाबायचं, म्हणजे टोकं बसतात. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवला. हलच्या सपाट पत्र्यांना यातलं काही लावलं नाही. तिथं वेल्डिंगच्या रेघा केल्या: पुट्टीची बारीक दोरी सांध्यावर ठेवून चाकूच्या टोकानं शेजारी-शेजारी खुणा दाबत जायचं.

तोफ जिथून टरेटबाहेर येते, तिथं सेंच्युरियनला कॅनव्हासचं आवरण असतं, आत पाणी-धूळ जाऊ नये म्हणून. त्यासाठी टिश्यू पेपरचा एक पदर घेतला, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवला, चिमट्यानं जागेवर बसवला आणि ओला असतानाच सुईनं सुरकुत्या पाडल्या. तोफ वर उचलली की आवरणाला खालच्या बाजूनं ताण पडतो आणि वरती चुण्या जमतात. कापड कसं वागतं हे माहीत असलं की सुई कुठे फिरवायची हे विचारावं लागत नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर राखाडी प्रायमर. त्यावर खाचाखोचांत आणि पत्र्यांच्या सांध्यांत एअरब्रशनं गडद तपकिरी फवारा, आणि मग हिरवा. हिरवा सरळ बाटलीतला चालत नाही. मोठी वस्तू लांबून पाहतो तेव्हा मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका दिसतो. मॉडेल हातभरावर असलं, तरी डोळ्याला ती गाडी लांब उभी असल्याचा भास व्हायला हवा, म्हणून हिरव्यात थोडा बदामी मिसळून तो उजळ करावा लागतो. मी तीन छटा केल्या. सावलीतल्या उभ्या पत्र्यांना मूळ रंग, वरच्या आडव्या भागांना उजळ, आणि टरेटच्या माथ्याला सगळ्यात उजळ, कारण ऊन तिथं पडतं. एअरब्रशचं काम मी पावसाळ्यात करत नाही. पुण्याच्या जुलैमधल्या हवेत मॅट वार्निश फवारलं की ओल धरून ते पांढुरकं होतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

इथपर्यंतचं काम किटसोबतचा आराखडा वाचून कुणालाही जमतं. यापुढे आराखडा नसतो. वहीतली तारीख असते.

आमच्या शेजारच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ईएमईत, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, अनेक वर्षं विजयंताच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं. रंगवलेला रणगाडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, मॉडेल उजेडाकडे धरलं आणि मागच्या मडगार्डच्या टोकावर मी केलेल्या एका हलक्या खरचट्यावर बोट ठेवलं.

"इथं पाय कोण ठेवतो?"

"काका, वर चढताना..."

"अरे, चढायचा रस्ता ठरलेला असतो. पुढनं चढायचं. मडगार्डवर पाय, मग हल, मग हात टरेटच्या कडीला. रोज, तीच माणसं, त्याच जागी. तिथला रंग जातो. हॅचची कड बघ, तिथं तळहात आणि बूट दोन्ही लागतात. आणि हत्यारांच्या पेटीचं झाकण, कारण ते दिवसातून दहा वेळा उघडतं."

त्यांनी पुढे एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत जशीच्या तशी लिहिली: गाडीवर डाग पडतो तो कुणीतरी काहीतरी केल्यामुळे पडतो. काय केलं ते आधी सांग, मग डाग काढ.

तेव्हापासून मी प्रत्येक डागाला कारण विचारतो. सेंच्युरियनवर ते असं उलगडत गेलं.

एक्झॉस्टचे डबे दोन्ही बाजूंच्या मागच्या मडगार्डवर असतात. ते तापतात, रंग जळतो, उघडं पोलाद दंव आणि धूर खातं. म्हणून गाडीवरचा सगळा गंज इथं. बाकी चिलखताला काही महिन्यांत गंजाची खपली धरत नाही. इतरत्र रंग उडाला तर खाली प्रायमर नाहीतर काळपट पोलाद दिसतं, नारिंगी नाही. एक्झॉस्टवर मी तपकिरीच्या तीन छटा स्पंजानं टिपल्या आणि तोंडाशी काजळी म्हणून काळी पावडर चोळली.

ट्रॅक, म्हणजे रणगाड्याचा पट्टा, पोलादी कड्यांचा. जमिनीला घासणारा भाग आणि आतून चाकं फिरतात ती वाट घासून चकाकते, बाकीचा भाग मातीनं भरतो. तिथं पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळलं की पोलादाची खरी चमक येते, चंदेरी रंगानं ती येत नाही. दात असलेल्या चाकाच्या दातांनाही तेच. चाकांचं रबर काळं ठेवत नाही, करडं करतो, कारण धुळीत चाललेलं रबर करडंच असतं.

आता पेट्रोल. आजच्या बहुतेक रणगाड्यांत डिझेल असतं आणि टाकी भरताना ते सांडलं की चकचकीत, काळपट, तेलकट डाग धरतो. त्यावर धूळ बसते आणि तो वाढत जातो. पेट्रोल उडून जातं. जाताना पत्र्यावरची धूळ सोबत खाली नेतं आणि मागे उरते एक फिकट ओघळ, तिच्या कडेला धुळीची बारीक किनार. सेंच्युरियनला पेट्रोल भरपूर लागायचं. एका भरण्यात रस्त्यावर जेमतेम शंभरएक किलोमीटर जाई, त्यामुळे टाकीच्या झाकणाशी सतत कुणीतरी डबे ओतत असणार. म्हणून इंजिनाच्या मागच्या भागावर मी धुळीचा थर आधी बसवला आणि मग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशनं झाकणापासून खाली रेघा ओढल्या. धूळ सरकली, खालचा हिरवा उघडा पडला. इंजिनाचं तेल जिथं गळतं तिथं मात्र गडद डाग ठेवला, कारण ते उडत नाही.

पावसाच्या आणि दंवाच्या उभ्या ओघळांसाठी तैलरंग वापरतो. कॅम्लिनचा बर्न्ट अंबर आणि पांढरा, अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात. ट्यूबमधला रंग थेट लावला तर तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि वर चकाकतो. म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून रात्रभर ठेवतो. पुठ्ठा जवसाचं तेल ओढून घेतो, सकाळी भोवती तेलाचं पिवळसर कडं पडलेलं असतं आणि मधे रंगाचा घट्ट गोळा उरतो. त्यातला टिपका टाचणीच्या डोक्याएवढा घ्यायचा, बोल्टखाली ठेवायचा आणि टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या चपट्या ब्रशनं वरून खाली ओढायचा. दोनतीनदा ओढलं की टिपका नाहीसा होतो आणि पाणी जिथून उतरलं असेल अशी पुसट रेघ राहते. दंव प्रत्येक बोल्टवरून सारखं ओघळत नाही, म्हणून एखादा बोल्ट मी तसाच सोडतो.

सर्वात जास्त वेळ चिखलानं घेतला. आपल्याकडची माती काळी, बेसाल्ट झिजून झालेली. ओली झाली की डांबरासारखी चिकटते. ती या गाडीवर लावली असती, तर रणगाडा नगर जिल्ह्यातला झाला असता. शकरगढचा टापू हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाचा. ती माती फिकट, राखाडीकडे झुकणारी, ओली झाली की मातकट तपकिरी आणि वाळली की जवळजवळ पिठाच्या रंगाची. पावडरी मिसळून मी त्याच मातीच्या तीन अवस्था केल्या: पूर्ण वाळलेली, ओलसर आणि ताजी ओली. चाकांच्या वरची जुनी धूळ पहिली. बाजूला लटकणाऱ्या पत्र्यांच्या खालच्या अर्ध्या भागावर दुसरी. तिसरी फक्त ट्रॅकवर आणि त्याला लागून, कारण गाडी नुकतीच नदी ओलांडून आली आहे.

आणि इथं ती तारीख सगळ्या अंगानं समोर आली. 15 डिसेंबरच्या रात्री पायदळानं बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले होते. सॅपर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअर, सुरुंग काढत होते, काम पूर्ण झालेलं नव्हतं. पलीकडे शत्रूचे रणगाडे हलताना दिसले आणि पायदळाला रणगाड्यांची गरज पडली. लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या पूना हॉर्सनं सुरुंगांतली वाट पुरती मोकळी होण्याची वाट पाहिली नाही. गाड्या अर्धवट साफ झालेल्या वाटेनं पुढे काढल्या. रात्रीच्या थंडीत, एकामागे एक, पुढच्या गाडीच्या ट्रॅकच्या खुणेवरून. एकाच चाकोरीतून इतक्या गाड्या गेल्यावर मऊ गाळाचं काय होईल, हे वहीत लिहून पाहिलं. चिखल चाकांच्या मध्यापर्यंत येईल, आणि दोन्ही बाजूंना सारखा येईल, कारण ड्रायव्हर डावी-उजवी करत नाही. सुरुंगांमधून जाताना तो सरळ जातो. माझ्या मॉडेलवर चिखलाची उंची दोन्ही बाजूंना सारखी आहे. पाहणाऱ्याच्या ते लक्षात येणार नाही, पण त्या रात्रीच्या ड्रायव्हरचे हात तिथं आहेत.

16 तारखेला जरपालजवळ पॅटन रणगाड्यांचे हल्ले आले. खेत्रपाल 21 वर्षांचे होते, त्यांना कमिशन मिळून सहा महिने झाले होते. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. गाडीला आग लागली, वायरलेसवरून बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी गाडी सोडली नाही आणि लढत राहिले. पुढच्या माऱ्यात ते गेले. दुसऱ्या दिवशी युद्ध थांबलं.

मी फामागुस्ता केली नाही. तिची गोष्ट जळण्यापाशी येऊन थांबते आणि ती रंगानं सांगण्याची माझी इच्छा नाही. मी त्याच रेजिमेंटची, त्याच सकाळची, सुरुंग ओलांडून नुकतीच पलीकडे आलेली गाडी केली, जिच्यात चौघं जिवंत आहेत. टरेटच्या मागच्या जाळीत त्यांची ब्लँकेटं आहेत, ताडपत्री आहे, एक बादली आहे. हॅचच्या कडेचा रंग कमांडरच्या तळव्यांनी गेलाय, पुढच्या मडगार्डवरचा ड्रायव्हरच्या बुटांनी. टाकीच्या झाकणाखालची फिकट ओघळ आदल्या संध्याकाळी डबे ओतणाऱ्याची आहे. या माणसांबद्दल मला जेवढा आदर आहे, तो या कामातून व्यक्त करायचा होता. सगळीकडे सारखीच घाण उडवली असती तर त्यात माणसं उरली नसती.

नव्यानं सुरुवात करणारी मुलं घरी येतात, तेव्हा रंगाच्या ब्रँडबद्दल विचारतात. मी त्यांना वही देतो आणि वर तारीख आणि गावाचं नाव लिहायला सांगतो. महागडा एअरब्रश नसला तरी चालतं. स्पंज, पेन्सिल, पुठ्ठा आणि दोन तैलरंगांवर पुष्कळ होतं. पण गाडी कुठे उभी आहे आणि सकाळपासून तिनं काय काय सोसलंय हे सांगता आलं पाहिजे.

माझ्या वहीत पुढची तारीख पडली आहे: 11 सप्टेंबर 1965, फिल्लोरा. कर्नल तारापोर त्या दिवशी जखमी झाले, तरी मागे जायला नकार देऊन रेजिमेंट लढवत राहिले आणि 16 सप्टेंबरला धारातीर्थी पडले. रणगाडा तोच सेंच्युरियन, रेजिमेंट तीच, माती त्याच टापूतली. पण पावसाळा नुकताच सरतोय, शेतात ऊस उभा आहे, आणि त्यातून घुसलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये, हुकांत आणि ट्रॅकमध्ये उसाचं पाचट अडकलेलं असणार. वाळलेल्या गवताच्या काड्या चाकूनं उभ्या चिरून त्याच्या पातळ पट्ट्या सध्या करून बघतोय. पाच सेंटीमीटरच्या माणसाशेजारी उसाचं पान केवढं दिसेल, हा हिशेब आधी जमायला हवा.